मेडिकल स्टडीत सहभागी झाल्यावर काय अनुभव येतो: सविस्तर रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

हृदय आणि शुगरवरच्या एका मोठ्या स्टडीत मी बऱ्याच काळापासून सहभागी आहे, नंतर त्यांच्याच लोकसल्लागार गटातही गेले, म्हणजे सुई टोचून घेणाऱ्यांची बाजूही पाहिली आणि टेबलाच्या पलीकडची पण, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे. संस्थेचं नाव देत नाही कारण काही तक्रारी लिहायच्यात, आणि तसंही मला जे सांगायचंय ते कुठल्याही ठिकाणच्या स्टडीला लागू पडतं. ज्यांना कुणी "आमच्या संशोधनात भाग घ्या" म्हणून विचारलंय आणि जावं की नाही कळत नाहीये त्यांनी वाचा. असे स्टडी चालवणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. सगळ्या प्रकारची माणसं संशोधनात यावीत असं वाटत असेल तर त्यांना येणं जमेल अशी सोय करा, सगळं ठरायच्या आधी त्यांना विचारा, आणि निकाल लागला की परत येऊन सांगा. पहिल्या दोन गोष्टी या लोकांनी खूप चांगल्या केल्या. तिसरीत कमी पडले, एक स्टार तिथे गेला.

मुळात सगळ्या प्रकारची माणसं हवीतच कशाला, हा प्रश्न मला आमच्याच घरात विचारला गेला. शरीर सगळ्यांचं सारखंच ना, मग कुणालाही तपासलं तरी काय फरक पडतो. ऐकायला पटतं पण तसं नाहीये. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी घ्या. ती अमेरिकेत १९९२ ला मंजूर झाली, आणि २०१३ ला तिथल्या औषध नियामकाने म्हणजे एफडीएने सांगितलं की बायकांचा डोस निम्मा करा, १० मिलिग्रॅमचा ५ करा, कारण बायकांच्या शरीरातून हे औषध हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवायला बसल्या तरी रक्तात उरलेलं असतं. मधली वीस वर्षं बायका पुरुषांचाच डोस घेत होत्या! आणि हे एकटंदुकटं प्रकरण समजू नका, १९७७ मध्ये एफडीएने सूचनाच काढली होती की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्ये घेऊ नका. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या गोळीमुळे बाळांना आलेलं व्यंग सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं त्यामुळे त्यामागे काळजीच होती, पण झालं असं की औषध तपासायचं पुरुषांवर आणि लिहून द्यायचं सगळ्यांना. ती सूचना बदलली १९९३ ला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की सरकारच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशातून होणाऱ्या क्लिनिकल संशोधनात बायका आणि अल्पसंख्याक समाजातली माणसं घेतलीच पाहिजेत.

कार्बामॅझेपिनचं तर मला आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. फिट येणाऱ्यांना देतात ते जुनं औषध. काही थोड्या लोकांना त्याने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होतो, अंगभर फोड येतात, कातडी सुटायला लागते, जीवही जाऊ शकतो. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांना हान चिनी पेशंटमध्ये दिसलं की एचएलए-बी १५०२ हा जीनचा प्रकार ज्यांच्यात आहे त्यांना हा धोका फार जास्त असतो. हा प्रकार आशियाई वंशाच्या लोकांमध्ये सापडतो, युरोपीय वंशाच्या लोकांत जवळपास नसतोच. मग २००७ ला एफडीएने इशारा दिला की आशियाई वंशाच्या पेशंटला हे औषध सुरू करायच्या आधी या जीनची टेस्ट करा. आता विचार करा, सगळं संशोधन फक्त युरोपीय वंशाच्या लोकांवरच चालू राहिलं असतं तर हे सापडणार कसं होतं, जी गोष्ट शोधायची ती त्यांच्यात नव्हतीच ना.

आणि याचा फायदा फक्त त्या त्या समाजालाच होतो असंही नाही. अमेरिकेतल्या डॅलस शहराच्या हार्ट स्टडीत ठरवून निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय लोक घेतले होते. त्यांच्यातल्या काहींचं वाईट कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी होतं आणि त्याचं कारण पीसीएसके९ नावाच्या जीनमधला बदल आहे हे २००५ मध्ये कळलं, दुसऱ्या एका मोठ्या स्टडीवरून पुढच्याच वर्षी लक्षात आलं की असा बदल असलेल्या कृष्णवर्णीय लोकांना हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी आहे. त्या धाग्यावरून वाईट कोलेस्टेरॉल कमी करणारी इंजेक्शनं तयार झाली, २०१५ ला मंजूर झाली, आणि आज ती सगळ्या वंशाचे पेशंट घेतात. असं असूनही जीन आणि आजार यांचं नातं शोधणाऱ्या अभ्यासांत २००९ पर्यंत ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, २०१६ ला मोजलं तेव्हाही ८१ टक्के. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी ठरवलं की आपल्याला विचारलं तर आपण जायचं.

तर आता प्रत्यक्ष अनुभव. याच्या आधी मला दुसऱ्या एका ठिकाणाहून बोलावणं आलं होतं, त्यांचं नाव नको, पण ते कसं आलं ते सांगते म्हणजे फरक कळेल. एक पत्रक आलं, वर छान हसणाऱ्या माणसांचे फोटो, हर प्रकारची माणसं त्यात. फोन केला तर म्हणाले सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते चार या वेळेत या, उपाशी पोटी या, चार तास लागतील, सोबत लहान मूल आणू नका. मी म्हटलं रजा काढावी लागेल, तर म्हणाले हो ते तुमचं तुम्ही बघा. रोजंदारीवर काम करणारा माणूस तिथे जाईल कसा? लहान मूल असलेली बाई जाईल कशी? आणि मग यांच्याच रिपोर्टात छापून येतं की अमुक समाजातून प्रतिसाद कमी मिळाला!

मी ज्यात आहे त्या स्टडीवाल्यांनी आधी लोकांमध्ये येऊन बसायला सुरुवात केली. नाव नोंदवायचं काहीच नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, मग बायकांच्या बचतगटात, मग ड्रायव्हर लोकांच्या स्टँडवर, दोघी-तिघीजणी यायच्या आणि नुसतं विचारायच्या की तुमच्याकडे कुठल्या आजारांचा त्रास जास्त आहे, दवाखान्यात गेल्यावर काय खटकतं, रक्त द्यायला भीती कशाची वाटते. कोऑर्डिनेटर ताई वहीत लिहून घ्यायची. नंतर जेव्हा स्टडीची प्रश्नावली आली तेव्हा त्यात झोपेबद्दल आणि कामाच्या पाळ्यांबद्दल एक अख्खा भाग होता, आणि तो त्या स्टँडवरच्या गप्पांतून आलेला हे तिने स्वतः सांगितलं. मला हे फार आवडलं. आपण बोललेलं कुठेतरी छापलेलं दिसलं की माणूस त्या कामाला आपलं मानतो.

वेळा संध्याकाळच्या आणि रविवारच्या पण आहेत. येण्याजाण्याचं भाडं तिथल्या तिथे हातात देतात, बिलं जोडा, खात्यात येईल, वाट बघा असला प्रकार नाही. मुलांना सांभाळायला एक खोली आणि एक मावशी आहेत. ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे नर्स घरी जाते. या सगळ्याला पैसा लागतो आणि तो बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरावा लागतो, मागाहून "विविधता वाढवा" असा आदेश आला तर पैसे कुठून आणणार. मी नंतर गटात गेल्यावर हे बजेट पाहिलं, या सोयींवरचा खर्च मशीनच्या खर्चापुढे अगदीच थोडा होता.

संमतीच्या फॉर्मबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथेच बऱ्याच ठिकाणी गडबड होते. आम्हाला फॉर्म घरी नेऊ दिला. सही लगेच घेतलीच नाही, म्हणाले घरच्यांशी बोला, डॉक्टरांना दाखवा, मग या. दुसऱ्यांदा गेल्यावर ताईने फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाली आता तुम्ही मला सांगा, यात तुमचं काय काय घेतलं जाणार आहे आणि त्याचं काय होणार आहे. मी सांगितलं, एक मुद्दा राहिला होता तो तिने परत समजावला, मगच सही. आणि सही एकच नव्हती, वेगवेगळ्या चौकटी होत्या. आत्ताच्या तपासण्यांसाठी रक्त वापरू का, उरलेलं रक्त फ्रीझरमध्ये ठेवू का, जीनच्या तपासण्या करू का, दुसऱ्या संशोधकांना देऊ का, पुढे परत फोन करू का. प्रत्येकापुढे हो आणि नाही. माझ्या पुढच्या नंबरच्या काकांनी दुसऱ्या संशोधकांना द्यायला नाही म्हटलं, तर कुणी भुवई उंचावली नाही की समजूत घालायला आलं नाही, पुढची चौकट घेतली.

या वेगळ्या चौकटींमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये हवासुपाई नावाचा छोटा आदिवासी समाज आहे, ग्रँड कॅन्यनच्या आत राहतो. त्यांच्यात मधुमेह खूप होता म्हणून १९९० नंतर त्यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं, आपला आजार कळेल या आशेने. पुढे त्यांना समजलं की तेच रक्त स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या अभ्यासाला वापरलं, त्यांचे पूर्वज कुठून आले यावर वापरलं, आणि त्या समाजाच्या स्वतःच्या श्रद्धेला धक्का लागेल असे निष्कर्ष छापले गेले. कोर्टात गेले, २०१० ला तडजोड झाली, भरपाई मिळाली आणि उरलेलं रक्त त्यांना परत मिळालं. म्हणजे रक्त दिलं मधुमेहासाठी, वापरलं भलत्याचसाठी, आणि विचारलं कुणी नाही. चौकटी वेगळ्या असत्या तर हा दिवस आला नसता.

आता तपासणीच्या वेळचा एक प्रसंग लिहिते, मला तो विसरता येत नाही. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात ना, ते मशीन नर्सने आमच्या शेजारच्या आजींच्या बोटाला लावलं. आजींचा रंग काळाभोर. आकडा आला ९५. माझा पण ९५च्या आसपासच आला होता. पण नर्सने आजींना परत बसवलं, हात चोळून गरम करायला सांगितले, बोट बदललं, दोन मिनिटं थांबून परत घेतला आणि शेवटी आकड्यापुढे त्वचेच्या रंगाची खूण केली. मी विचारलं ही खूण कशाला. ती म्हणाली हे मशीन बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतं आणि रक्ताने किती शोषला त्यावरून ऑक्सिजन काढतं, त्वचा गडद असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, म्हणून आम्हाला नोंद ठेवावी लागते.

घरी येऊन वाचलं तर अंगावर काटा आला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलंय, ज्या पेशंटचा मशीनवरचा आकडा ९२ ते ९६ होता, म्हणजे बघणाऱ्याला बरा वाटावा असा, त्यांच्या धमनीतलं रक्त काढून बघितलं तर कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८च्या खाली होता, गोऱ्या पेशंटमध्ये हेच प्रमाण ३.६ टक्के. जवळपास तिप्पट! तेही कोविडच्या काळात, जेव्हा याच आकड्यावर बेड द्यायचा की घरी पाठवायचं ठरत होतं. या मशीनचं तत्त्व जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं, इतकं जुनं, आणि गडद त्वचेवर ते चुकतं हे १९९० मध्येच एका अभ्यासात आलेलं होतं. मग दुरुस्त का नाही झालं? एफडीएच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनेत मशीन तपासायला किमान १० माणसं पुरायची आणि त्यात गडद त्वचेची किमान २ किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते. दोन माणसं! दोन माणसांवरून मशीन कुठे आणि किती चुकतंय हे कळणार कसं. जानेवारी २०२५ ला नवीन मसुदा आला त्यात १५० किंवा जास्त माणसं घ्या आणि त्वचेच्या सगळ्या छटा घ्या असं सुचवलंय. मला कुणी "संशोधनातली विविधता" म्हणजे काय विचारलं तर मी आजींच्या बोटाचीच गोष्ट सांगते.

सल्लागार गटाबद्दल. काही काळ सहभागी राहिल्यावर मला विचारलं की येता का. गटात कोण कोण आहे तर रात्रपाळी करणारा एक दादा, व्हीलचेअर वापरणारे एक काका, ऐकू न येणारी एक मुलगी आणि तिची दुभाषी, एक निवृत्त शिक्षिका, दोन तरुण मुलं, मी. बैठकीला यायचं मानधन मिळतं, आणि ते मिळायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, टेबलाभोवतीचे डॉक्टर पगारावर आलेले असतात आणि आम्हीच तेवढे फुकट हे बरोबर नाही.

गटाने काय बदललं ते सांगते. सकाळी उपाशी पोटी रक्त द्यायचं असा नियम होता. दादा म्हणाला मी रात्रभर काम करून सकाळी सुटतो, तेव्हा माझं शरीर दमलेलं असतं, माझी सकाळ दुपारी तीनला होते, मग माझं सकाळचं रक्त आणि यांचं सकाळचं रक्त तुम्ही एकाच रांगेत कसं लावता. टेबलावर शांतता. मुख्य संशोधक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या तुमचं बरोबर आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या बैठकीला नियम बदलून आला, पाळीवाल्यांनी झोप झाल्यावर सहा तास पोट रिकामं ठेवून यायचं आणि... नाही, तासांचं परत ठरलं, बाकीच्यांइतकेच तास ठेवले म्हणजे तुलना बरोबर होईल, आणि फॉर्मवर शेवटची झोप किती वाजता झाली ते लिहायचं. व्हीलचेअरवाल्या काकांनी विचारलं माझं वजन कसं घेणार, तर उत्तर असं की आत्तापर्यंत अशा माणसांचं वजन विचारून लिहायचे. विचारून! शुगरच्या स्टडीत! आता खुर्चीसकट चढता येईल असा सपाट काटा आणलाय. रोज किती पावलं चालता या प्रश्नाच्या जागी हालचालीचा प्रश्न आला. या गोष्टी कुठल्याही तज्ज्ञाने पुस्तकात वाचून सुचल्या नसत्या असं नाही म्हणत मी, पण इतकी वर्षं सुचल्या नव्हत्या एवढं खरं.

लोकांनी असं टेबलावर बसायचा हक्क फुकट मिळालेला नाहीये. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्सच्या पेशंटनी एकत्र येऊन जाहीर केलं की आमच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे आम्ही असणार. १९८८च्या ऑक्टोबरमध्ये आंदोलकांनी एफडीएच्या ऑफिसला वेढा घातला, औषधं लवकर तपासा आणि आम्हाला ट्रायलमध्ये घ्या म्हणून. ज्यांचे मित्र दर आठवड्याला एड्सने मरत होते त्यांनी औषधशास्त्राचे पेपर वाचले आणि शास्त्रज्ञांसमोर बसून ट्रायल कशी आखायची यावर वाद घातला. एचआयव्हीच्या ट्रायलमधले सल्लागार गट तिथून रुजले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ ला स्वतःची आचारसंहिताच काढली, आमच्यावर संशोधन करायचं तर आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली पद्धत पाळायची, आधी आमच्या कौन्सिलकडे यायचं, आणि दिलेला शब्द पाळायचा. हे वाचलं की आमच्या बैठकीत नुसतं मान हलवून उठायची लाज वाटते.

गटाबद्दल एक तक्रार पण आहे. एकदा आम्हाला पोस्टर "मत द्या" म्हणून दाखवलं आणि नंतर कळलं की ते आधीच छापून आलेलं होतं. आमच्यातल्या शिक्षिका बाई स्पष्ट बोलल्या की मत हवं असेल तर बदलता येईल तेव्हाच विचारा, नाहीतर आमचा वेळ घेऊ नका. त्यानंतर अजेंडा आठवडाभर आधी यायला लागला आणि त्यात प्रत्येक विषयापुढे लिहिलेलं असतं, हे ठरलंय की ठरायचंय. बैठकीचे मुद्दे मात्र अजूनही उशिराच लिहून येतात.

आता विश्वासाबद्दल, कारण प्रत्येक चर्चेत कुणीतरी म्हणतंच की या लोकांचा डॉक्टरांवर विश्वास नाही म्हणून ते येत नाहीत. अविश्वासाला कारण आहे हे खरंय. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षं, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, त्यांना ते नीट सांगितलंच नाही, आणि पेनिसिलिन सगळीकडे मिळायला लागल्यावरसुद्धा दिलं नाही, कारण आजार कसा वाढतो ते बघायचं होतं. राष्ट्राध्यक्षांची माफी आली १९९७ ला. हे विसरा असं कुणी कुणाला सांगू शकत नाही. पण यावरून लोक यायलाच तयार नसतात असं म्हणणं चूक आहे, आणि हे नुसतं माझं मत नाही. २००६ मध्ये संशोधकांनी २० अभ्यास एकत्र करून ७० हजारांवर लोकांची माहिती पाहिली, ज्यांना खरंच विचारलं गेलं त्यांच्यात अल्पसंख्याक लोकांचं होकाराचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या जवळपास सारखंच निघालं. म्हणजे अडचण विचारण्यात आणि पोचण्यात आहे. २०२०च्या सप्टेंबरमध्ये मॉडर्ना कंपनीने कोविड लशीच्या ३० हजार लोकांच्या ट्रायलमध्ये नावनोंदणीचा वेग मुद्दाम कमी केला, कारण अल्पसंख्याक समाजातले लोक कमी येत होते, आणि शेवटी त्यांचं प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत नेलं. जगभर घाई असताना हे जमलं तर बाकीच्या वेळी न जमायला कारण काय?

आणि आता तो गेलेला स्टार. माझे स्वतःचे रिपोर्ट मला वेळेवर मिळाले, शुगर सीमेवर होती ते नर्सने फोन करून नीट सांगितलं, डॉक्टरांकडे जा म्हणाली, परत विचारायला फोनही आला. त्याबद्दल पूर्ण मार्क. पण आमच्या सगळ्यांच्या रक्तातून काय निघालं ते? पहिला पेपर छापून आला हे मला एका ओळखीच्या डॉक्टरकडून कळलं. पेपर इंग्रजीत, तक्त्यांनी भरलेला, शेवटी एका ओळीत सहभागींचे आभार. ज्या स्टँडवर जाऊन ताई वहीत लिहून घ्यायची तिथले ड्रायव्हर मला विचारतात, ताई काय झालं हो त्या रक्ताचं, आणि माझ्याकडे बराच काळ उत्तर नव्हतं. हेलसिंकीचा जाहीरनामा, जो १९६४ पासून जगभरातल्या वैद्यकीय संशोधनाचा आधार मानतात, त्यात स्पष्ट लिहिलंय की सहभागींना निकाल जाणून घ्यायचा पर्याय द्या. २०२४च्या नव्या आवृत्तीत तर असंही आलंय की सहभागी आणि त्यांचा समाज यांना संशोधनाच्या आधी, चालू असताना आणि नंतरही खऱ्या अर्थाने सोबत घ्या. आमच्याकडे आधी आणि चालू असताना उत्तम, नंतरचं राहिलं.

गटात आम्ही हे लावून धरल्यावर त्यांनी काढलं एक ॲप. ॲपमध्ये निकाल टाकले, अक्षर बारीक, लॉगिनला ओटीपी, आणि आजींकडे बटणांचा फोन. आम्ही परत भांडलो. शेवटी त्याच हॉलमध्ये, त्याच बचतगटात आणि त्याच स्टँडवर येऊन सांगायचं ठरलं, आणि पहिली सभा झालीसुद्धा. मुख्य संशोधक बाई स्वतः आल्या. जे सापडलं ते सांगितलं, पाळीत काम करणाऱ्यांच्या शुगरबद्दलचं, आणि जे सापडेल असं वाटलं होतं आणि सापडलं नाही तेही सांगितलं, मला हे दुसरं जास्त भावलं. एका ड्रायव्हर काकांनी विचारलं मग आता आमच्या पाळ्या बदलणार का. त्या म्हणाल्या ते माझ्या हातात नाही, पण तुमच्या मालकांच्या संघटनेपुढे हे आकडे ठेवायला मी येईन, तारीख तुम्ही काढा. तारीख निघालीये. बाकीच्या दोन सभा अजून व्हायच्यात, त्या झाल्या की मी रेटिंग बदलेन.

जायचं ठरवत असाल तर सही करायच्या आधी उरलेल्या रक्ताचं काय करणार, निकाल कधी आणि कुठे येऊन सांगणार, आणि मधेच सोडायचं झालं तर कसं, एवढं विचाराच. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी प्रत्यक्ष पाहिलंय. माझ्या नणंदेने मधेच स्टडी सोडला, घरची कारणं होती. एका फोनवर काम झालं. का सोडताय हे एकदाच विचारलं, सांगायचं नसेल तर नका सांगू म्हणाले, फ्रीझरमधलं रक्त नष्ट करू का विचारलं, ती हो म्हणाली, महिन्याभरात नष्ट केल्याचं पत्र घरी आलं. जी माहिती आधीच आकडेमोडीत गेली ती काढता येणार नाही हे पत्रात होतं, आणि तेच सहीच्या दिवशी पण सांगितलं होतं. आता तिचा मुलगा अठराचा झालाय आणि नाव नोंदवायचं म्हणतोय, मी त्याला फॉर्म आणून दिलाय आणि सांगितलंय की आधी आईबरोबर बसून सगळा वाच.